चांगला मालक आणि स्वतंत्र माणूस

चाकणच्या औद्योगिक वसाहतीलगत ज्या मशिदीत मी इमामत करतो, तेथे शुक्रवारी दीडच्या जमातीला येणारी निम्म्याहून अधिक माणसे कारखान्याच्या गणवेशात असतात. वजूसाठी बाह्या वर गेल्या की हातावरचे तेलाचे डाग दिसतात. खुतबा मी लांबवत नाही. सलाम फिरवताच अनेकांना धावत गेट गाठायचे असते.

काही आठवड्यांपूर्वी त्यांतला एक तरुण नमाजनंतर थांबला. लातूर जिल्ह्यातून आलेला, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चार वर्षे कंत्राटी कामगार. पहिली पाळी सात ते साडेतीन. त्याचा सुपरवायझर भला माणूस होता. शुक्रवारी स्वतःच म्हणायचा, "जा, पण पाऊण तासात ये." तीन वर्षे हे सुरळीत चालले. मग त्या सुपरवायझरची बदली झाली आणि नवा आला. नव्याने नकार दिलेला नाही. तो "बघू" एवढेच म्हणतो आणि दर शुक्रवारी शेवटी सोडतो.

"मौलाना, त्यांनी अजून एकदाही नाही म्हटलेले नाही," तो म्हणाला, "पण गुरुवारी संध्याकाळपासूनच माझ्या पोटात गोळा येतो."

मी नेहमीचे उत्तर दिले. अल्लाहचे आभार मानावेत, आधीचे साहेब चांगले निघाले तसे हेही निघतील, दुआ करावी. त्याने मान डोलावली आणि जाता जाता म्हणाला, "आधीचे साहेब चांगलेच होते. पण त्यांच्या प्रत्येक विनोदावर मी तीन वर्षे हसत होतो. मला ते विनोद कळायचेही नाहीत."

तो गेला, पण त्याचे ते वाक्य माझ्याजवळ राहिले. नवा सुपरवायझर आल्यापासून तो अस्वस्थ आहे, हे उघड आहे. प्रश्न त्याआधीच्या तीन वर्षांचा आहे. त्या काळात त्याला कोणी अडवले नाही, एकही जुमा चुकला नाही. मग त्या तीन वर्षांत तो स्वतंत्र होता का?

राज्यशास्त्रात या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि त्यांचे भांडण जुने आहे. इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मते स्वातंत्र्य म्हणजे अडथळ्याचा अभाव. वाट मोकळी असेल तर माणूस स्वतंत्र, मग ती वाट कोणाच्या कृपेने मोकळी आहे हे विचारण्याचे कारण नाही. इटलीतील लुका या छोट्या गणराज्याने आपल्या बुरुजांवर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मोठ्या अक्षरांत कोरला होता. हॉब्जने त्याची थट्टा केली. बुरुजावर शब्द कोरला म्हणून लुकाचा नागरिक कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे उस्मानी सुलतानाच्या, प्रजाजनापेक्षा अधिक स्वतंत्र ठरतो, असे त्याला मान्य नव्हते.

पाच वर्षांनी, १६५६ मध्ये, जेम्स हॅरिंग्टनने त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा की कॉन्स्टँटिनोपलमध्ये सर्वांत थोर पाशादेखील आपल्या धडावरच्या डोक्याचा केवळ भाडेकरू असतो. घरमालकाच्या मनात येईल त्या दिवशी घर खाली करायचे! लुकाचा गरिबातला गरीब नागरिक निदान कोणाचा भाडेकरू नसतो.

मुसलमान वाचकाला हे वाक्य टोचते, मलाही टोचले. पण ते खोटे म्हणता येत नाही. सुलतान सुलैमानचा जिवलग सोबती आणि वजीर इब्राहिम पाशा याच्याइतका सामर्थ्यवान माणूस त्या काळी क्वचितच असेल. १५३६ मध्ये एका रात्री सुलतानाच्या आज्ञेने त्याचा गळा आवळला गेला. आदल्या दिवशीपर्यंत त्याला कोणीही, कशासाठीही अडवत नव्हते.

हॅरिंग्टनचा विचार त्याचा स्वतःचा नव्हता, तो रोमन कायद्यातून आला होता. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इसवी सन ५३३ मध्ये संकलित झालेल्या कायदेसंग्रहात माणसांची मूळ विभागणी स्वतंत्र आणि गुलाम अशी आहे. गुलाम कोण, तर जो दुसऱ्याच्या सत्तेखाली आहे तो. त्याला मारहाण होते की नाही, उपाशी ठेवले जाते की नाही, याने व्याख्या बदलत नाही. रोमन नाटककार प्लॉटस याच्या एका विनोदी नाटकात त्रानिओ नावाचा गुलाम आहे. त्याचा मालक परदेशी गेलेला, धाकटा मालक ढिला, त्यामुळे हा चैनीत. त्याला हवे ते तो करतो. तरीही तो गुलामच, आणि मालक बंदरावर उतरल्याची बातमी येताच ते सर्वांना दिसते. अलीकडच्या काळात क्वेंटिन स्किनर आणि फिलिप पेटिट या अभ्यासकांनी हा विस्मरणात गेलेला अर्थ पुन्हा वर काढला आहे. स्वातंत्र्य म्हणजे अडवणूक नसणे, एवढेच पुरेसे नाही. तुम्हाला अडवण्याची मनमानी सत्ता कोणाच्या हाती नसणे, हे स्वातंत्र्य.

या दृष्टीने पाहिले तर आमच्या तरुणाचे हसणे समजते. ज्याच्या मर्जीवर आपण असतो, त्याचा चेहरा वाचण्याची सवय लागते. आपण आधीच नमते घेतो, म्हणून त्याला सत्ता वापरावीच लागत नाही.

पिंपरी-चिंचवडला हे वेगळे शिकवावे लागत नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर येथे कारखान्यांची रांग लागली. त्या पिढीने मराठीला एक शब्द दिला, ‘पर्मनंट’. आजही सोयरीक जुळवताना मुलीचा बाप पगाराच्या आकड्याआधी विचारतो, "मुलगा पर्मनंट आहे का?" पर्मनंट कामगाराला साहेब बोलतच नाहीत असे नाही. पण त्याला कशासाठी काढता येते आणि कशासाठी नाही, हे कोठेतरी लिहिलेले असते. कंत्राटी मुलाचे सारे ‘ब्रेक’वर टांगलेले. जुन्या अरबीत ‘हुर्र’ या शब्दाचा जो अर्थ होता, त्याच्या बराच जवळ जाणारा अर्थ आमच्या भागात या इंग्रजी शब्दाने घेतला आहे.

‘हुर्र’ म्हणजे जो कोणाच्या मालकीचा नाही तो. ‘हुर्रियत’ हा शब्द आपल्या फिक्हच्या ग्रंथांत प्रामुख्याने याच कायदेशीर अर्थाने येतो. राज्यकर्त्यांकडे मागायची गोष्ट म्हणून आपल्या पूर्वसूरींनी दुसराच शब्द वापरला, ‘अद्ल’, न्याय. इजिप्तचे आलिम रिफाआ अत्-तहतावी १८२६ ते १८३१ या काळात पॅरिसमध्ये राहिले. १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात ते सांगतात की फ्रेंच लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणून एवढे डोक्यावर घेतात, ते आपल्याकडे ज्याला न्याय आणि इन्साफ म्हणतात तेच आहे. तहतावींचे निरीक्षण मार्मिक आहे, पण मला ते अर्धेच पटते. न्यायी सुलतान ही मोठी देणगी खरी. मात्र तो न्यायी आहे तोवरच न्याय आहे. त्याची बदली झाली की आपण पुन्हा ‘बघू’पाशी येतो.

एवढ्यावरून हा विचार फक्त रोमचा आणि विलायतेचा, असे कोणी म्हणेल तर तेही बरोबर नाही. स्वातंत्र्यासाठी मानवाने लिहिलेला सर्वांत जुना ज्ञात शब्द आजच्या इराकच्या मातीत सापडला आहे. तो सुमेरियन भाषेतला ‘अमा-गी’. इसवी सनापूर्वी २४ व्या शतकाच्या आसपास लगाश नगराच्या राजांच्या लेखांत तो येतो. कर्जापायी वेठीला लागलेल्या माणसांची सुटका, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. शब्दशः अर्थ आहे, आईकडे परतणे. गहाण पडलेले लेकरू घरी येते, म्हणजे स्वातंत्र्य.

तीन हजार वर्षांनी त्याच प्रदेशाच्या शेजारी एका खलिफाच्या तोंडी पुन्हा आई येते. मिसरचा सुभेदार अम्र बिन आस (रजि.) यांच्या मुलाने शर्यतीच्या वादातून एका कॉप्ट ख्रिस्ती तरुणाला चाबकाने मारले. तो तरुण मदीनेला आला. हजरत उमर (रजि.) यांनी बापलेकांना बोलावून घेतले, तरुणाच्या हाती चाबूक दिला आणि सुभेदाराला विचारले की ज्यांना त्यांच्या आयांनी स्वतंत्र जन्म दिला, त्यांना तुम्ही गुलाम केव्हापासून केले? या कथेच्या सनदेवर हदीसच्या अभ्यासकांनी बोट ठेवले आहे, हे मदरशात शिकलेल्या माणसाने लपवू नये. पण मुसलमानांनी ती शतकानुशतके सांगत ठेवली, यालाही काही अर्थ आहे.

सनदेबद्दल जेथे शंकाच नाही, तेथे जाऊ. कुरआनच्या सूरह अश-शुअरामध्ये हजरत मूसा (अ.) फिरऔनसमोर उभे आहेत. बनी इस्राईलला माझ्याबरोबर जाऊ दे, अशी त्यांची मागणी आहे. फिरऔन तलवार उपसत नाही. तो मिठाची आठवण देतो. लहानपणी तुला आम्ही वाढवले नाही का? आयुष्याची कितीतरी वर्षे तू आमच्यात काढली नाहीस का? ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ ही म्हण मराठीत जशी आहे, तशीच ती फिरऔनच्या दरबारातही होती असे म्हणायचे. मूसा (अ.) उपकार नाकारत नाहीत, त्यांच्या हातून घडलेली चूकही नाकारत नाहीत. ते फक्त त्या उपकारामागची जमीन दाखवतात. तू मला ज्या उपकाराचा टोमणा मारतोस, तो हाच ना, की तू बनी इस्राईलला गुलाम करून ठेवलेस? मूसा (अ.) महालात का वाढले? कारण फिरऔनने त्यांच्या कौमच्या मुलांची कत्तल मांडली होती आणि एका आईला आपले मूल पेटीत घालून नदीत सोडावे लागले होते. ज्याने आईपासून तोडले, तोच पालनपोषणाचा हिशेब मागतो आहे.

मालक चांगला असणे हे गुलामीचे उत्तर होऊ शकत नाही, हे याहून थोडक्यात मी कोठे वाचलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात हाच धागा वेगळ्या बाजूने उचलला. थोर पुरुषांबद्दल कृतज्ञ असावे, पण कृतज्ञतेलाही सीमा आहे, स्वातंत्र्य देऊन कोणत्याही राष्ट्राने उपकार फेडू नयेत, असा त्यांचा इशारा होता. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही हदीस आपण जाणतो आणि तिला बाध येत नाही. आभार उपकाराचे मानायचे असतात. हक्काच्या गोष्टीला उपकाराचे वेष्टन घातले असेल, तर ते आधी काढावे लागते.

येथे कोणी विचारील, मुसलमान तर स्वतःला अल्लाहचा बंदा, म्हणजे गुलामच म्हणवतो. मग मालक नसणे हे स्वातंत्र्य कसे? त्यावरचे नेहमीचे उत्तर बरोबर आहे, की एकाचा बंदा झालेला माणूस बाकी कोणाचा बंदा राहत नाही. पण मला त्याहून अधिक विचार करायला लावते ते सूरह अल-अनआममधील विधान. अल्लाहने दया स्वतःवर लिहून घेतली आहे. हदीस-ए-कुदसीमध्येही येते की त्याने जुलूम स्वतःसाठी निषिद्ध केला. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याने आपल्या बंद्यांना लहरीवर ठेवले नाही, वचन दिले. आणि आमच्यापैकी ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत, तो म्हणतो, लिहून कशाला, माझ्यावर विश्वास नाही का? कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, तीही ईमानवाल्या माणसांना.

आपल्या इतिहासाबद्दलही लिहिलेच पाहिजे. सूरह अल-बलदमध्ये मान सोडवणे, म्हणजे गुलामाला मुक्त करणे, ही पुण्याची चढण म्हणून सांगितली आहे. जकातच्या आठ वाट्यांत एक वाटा त्यासाठी आहे. तरीही मुस्लिम राजवटींत गुलामीचा बाजार शतकानुशतके चालला. ट्युनिसच्या अहमद बे यांनी १८४६ मध्ये गुलामी संपवली तेव्हा ती आयत बाराशे वर्षांहून अधिक काळ वाचली जात होती. एक छोटी गोष्ट भाषेची. आपल्या गुलामाला ‘माझा बंदा’ म्हणू नका, ‘माझा मुलगा’ म्हणा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे आणि तेथे सुचवलेल्या शब्दांत एक ‘गुलाम’ आहे, अरबीत त्याचा अर्थ पोरगा. माणसाला मान देण्यासाठी सुचवलेला तो शब्द फिरत फिरत मराठीत आला, तो कोणत्या अर्थाने हे सांगायला नको. बी. ए. ला मराठी शिकताना महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या पुस्तकाचे नाव मी प्रथम वाचले, तेव्हा हे मनात आले होते. जोतीरावांनी त्या नावासाठी ‘दारिद्र्य’ हा शब्द घेतला नाही, ‘गुलामगिरी’ घेतला, आणि पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. पोट भरल्याने जे संपत नाही, त्याचे नाव त्यांना हवे होते.

आपल्या संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला बंदी घालते. १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ रुंदावला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणारा मजूर वेठीलाच धरलेला असतो, कारण जबरदस्ती केवळ काठीची नसते, भुकेचीही असते, असे न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाचे तात्पर्य आहे. मागच्या रमजानमध्ये मी हा निकाल आणि घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची हदीस एकत्र करून खुतबा लिहिला होता. आमच्या पहिल्या सफमध्ये मजूर पुरवणारे एक ठेकेदार बसतात. मशिदीचा पंखा, जनरेटर, इफ्तारचे फळ, बरेचसे त्यांच्याकडून येते. त्यांनी मला कधीही काही म्हटलेले नाही. उभे राहण्यापूर्वी मी त्यांच्याकडे पाहिले आणि त्या दिवशी खुतबा सब्रवर दिला. त्या तरुणाला विनोदावर हसल्याबद्दल मी काय बोलणार?

आणि हे घरापर्यंत येते. आमच्या जमातीतील एक गृहस्थ अभिमानाने सांगतात, "मी मुलीला सगळी मोकळीक दिली आहे." माणूस खरोखर प्रेमळ आहे. मुलगी शिकते, येते-जाते. पण ‘दिली आहे’ या क्रियापदाकडे त्यांचे लक्ष गेलेले नाही. त्यांना मी बरीरा (रजि.) यांची हकीकत सांगितली. ती बुखारीमध्ये आहे. बरीरा ही गुलाम स्त्री. हजरत आइशा (रजि.) यांनी तिला विकत घेऊन मुक्त केले. तिचे पती मुगीस (रजि.) अजून गुलाम होते. मुक्त झाल्यावर विवाह ठेवायचा की मोडायचा, हा निर्णय तिच्या हाती आला आणि तिने मोडला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरत, अश्रू दाढीवरून ओघळत. ते पाहून पैगंबर (सल्ल.) यांनी तिला सुचवले की तू त्याच्याकडे परत गेलीस तर? तिने विचारले, हा आपला आदेश आहे का? ते म्हणाले, नाही, मी केवळ शिफारस करतो. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही.

मदरशात उसूल-ए-फिक्हच्या वर्गात ही हदीस आम्ही एका नियमाचा पुरावा म्हणून पाठ केली. पैगंबरांच्या आदेशाने बंधन येते, म्हणून तर बरीराने विचारले. नियम खरा आहे. पण दुसऱ्या बाजूकडे आमचे लक्ष कोणी वेधले नाही. नुकतीच मुक्त झालेली, घराण्याचा आधार नसलेली एक स्त्री, ज्यांच्या शब्दावर सारे मदीना चालते त्यांना, आपण सांगता आहात की हुकूम देता आहात असे थेट विचारते. आणि उत्तर मिळाल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मत बदलत नाही. मुगीसबद्दल मला वाईट वाटते, कोणालाही वाटेल. पैगंबरांनाही वाटले असावे, म्हणून तर शिफारस केली. पण तिला तिचा निर्णय परत मागितला गेला नाही.

ते गृहस्थ ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "मौलाना, माझी मुलगी असे विचारणार नाही." मी विचारले, "विचारू शकेल का?" ते अजून मला नेहमीसारखे भेटतात, पण तो विषय काढत नाहीत.

तो तरुण दोन आठवड्यांनी पुन्हा आला. या वेळी मी दुआ कर म्हणालो आणि शिवाय कागद घेऊन बसलो. माझी मराठीची पदवी मशिदीत प्रथमच उपयोगी पडली. आम्ही व्यवस्थापनाला एक विनंतीपत्र लिहिले. शुक्रवारी सव्वा ते दोन अशी सुट्टी, तेवढे काम पाळी संपल्यावर भरून देणे, लाइन थांबू नये म्हणून पाळीपाळीने जाणे, आणि हे सारे सूचनाफलकावर लेखी असावे. त्याच्या लाइनवर खेड तालुक्यातला एक वारकरी आहे. त्याने मसुदा वाचून म्हटले, तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते त्या दिवसाचेही घाला. घातले. मग तेथल्याच एका बाईंनी निरोप पाठवला की बाथरूमला जाण्यासाठी दर वेळी तोंड वेंगाडावे लागते, तेवढे जमले तर बघा. ते कलम आम्ही सर्वांत वर घेतले.

चौदा सह्या झाल्या होत्या. दोघांनी आपल्या खोडल्या, त्यांचे कंत्राट या महिनाअखेर संपते आहे. मी त्यांना काही म्हटले नाही. पत्र सोमवारी द्यायचे आहे.

मला इमाम म्हणून ठेवले, त्याला सहा वर्षे झाली. नेमणुकीचा कागद मी अजून विश्वस्तांकडे मागितलेला नाही.